अकरा मजल्यांचा नकाशा

नकाशात मजले अकरा होते.
कापसाचा भाव पडला तेव्हा सहा उभे होते,
म्हणून सहाच राहिले.

चौथ्यावर, खोली क्रमांक सदतीसमध्ये,
मी टायपिंग शिकवते. अठ्ठ्याहत्तर सालापासून.
बावीस यंत्रं एकदम चालली
की कोपऱ्यातला खांब गुणगुणायला लागतो.
मुली म्हणतात, बाई, भिंतीत कोणीतरी आहे.

विमा कंपनीचे मॅनेजर विनायकराव आपटीकर
इंदूरच्या बाहेर फार तर उज्जैनला गेलेले.
त्यांच्याकडे शिकागोचं एक पोस्टकार्ड होतं.
ते त्यांनी आर्किटेक्टसमोर ठेवलं
आणि म्हणाले, असं.

लोखंड बोटीतून आलं,
खंडव्याला मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत चढलं,
आणि स्टेशनपासून सियागंजपर्यंत
एकेका तुळईला चौदा बैल,
शिवाय पुढे एक माणूस, नुसता ओरडायला.

दोन वर्षं सांगाडा उघडा.
टांगेवाले पत्ता सांगायचे, पिंजऱ्यापासून डावीकडे.
भिंती आल्या, खिडक्या आल्या, लिफ्ट आली, बंद पडली,
रिक्षावाले अजून पिंजराच म्हणतात.

रिव्हेट मारणारे मोरटक्क्याच्या पुलावरून आले होते.
खाली भट्टीशी चुन्या. वय कोणी विचारलं नाही.
लालभडक रिव्हेट चिमट्यात धरून तो वर भिरकवायचा,
आणि तिसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर
एका फळीवर उभा राहून याकूब ते झेलायचा
तुपाच्या रिकाम्या डब्यात.
कंपनीच्या जुन्या वह्या जिन्याखाली पडून होत्या.
एका सुट्टीत मी सगळ्या चाळल्या.
सराफ्यातल्या सोनारांचे विमे आहेत, वकिलांचे आहेत,
एका सर्कशीतल्या हत्तीचासुद्धा आहे.
या दोघांचा नाही.

माझ्याकडे येतात त्या मुलींना कोर्टात नोकरी हवी असते.
परीक्षा हिंदीची.
यंत्रांवरची बाकीची अक्षरं बोटांनी पुसून गेली,
ळ मात्र कोरा, पांढराशुभ्र,
तिथे कोणाचं बोटच जात नाही.
संध्याकाळी कुलूप लावण्याआधी
मी बावीस यंत्रांवर एकेकदा दाबते.
गंजू नये, एवढंच.

गेल्या मंगळवारी महापालिकेचा मुलगा आला, तन्मय कानूनगो,
हातात हातोडी, खांद्याला पिशवी.
म्हणाला, बाई, जरा ठोकून बघून राहिलो,
तुमचा क्लास चालू द्या.
कोपऱ्यातल्या खांबाचं प्लास्टर त्याने सोलून काढलं.
आत शेंदरी रंग, मारुतीला असतो तसा,
आणि रिव्हेटांच्या दोन ओळी.
ठण, ठण, ठण.
मुलींची बोटं थांबली.
अकराव्यावर आवाज आला, ठप.

लाकूड.
सागाचं गोल डोकं, कोणीतरी जीव लावून तासलेलं,
वरून तोच शेंदरी रंग.
शनिवार असेल. भट्टी विझली असेल.
किंवा रिव्हेट खाली पडलं आणि नाल्यात गेलं
आणि मुकादमाला सांगायची कोणाची छाती झाली नाही.
तन्मय बराच वेळ त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिला.
म्हणाला, यानं नव्वद वर्षांत काहीच नाही पेललं, बाई.
म्हटलं, कोणी सांगितलं होतं का त्याला?

मग गच्चीवर गेलो.
तिथे खांबांचे टोकेरी बुंधे गुडघाभर वर आलेले,
प्रत्येकात चार भोकं, सातव्या मजल्याच्या बोल्टांसाठी.
एकात पाणी साचलं होतं, त्यात कबुतराचं पीस.
तन्मयने टेप लावून भोकं मोजली. कशासाठी, माहीत नाही.

त्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बंद होता
आणि अहवाल पाचच्या आत हवा होता.
मी कागद चढवला.
अहवाल हिंदीत. तुळईला बीम लिहायचं,
म्हणजे ळ लागणार नव्हता.
खंभा ठीक, बीम ठीक, जंग मामूली.
रिव्हेट किती, मी विचारलं.
तो खिडकीबाहेर बघत होता.
बारह, म्हणाला.

बारह, मी टाइप केलं.